ग्रोथ फॅक्टरची बंधक प्रथिने आणि थायरॉइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायरॉइडबद्दल थोडे खोलात वाचू लागले की आयजीएफ आणि आयजीएफबीपी ही नावे कधी ना कधी समोर येतात आणि वाचणारा तिथेच अडतो. कुणाच्या हातात मुलाच्या उंचीसाठी केलेल्या तपासणीचा रिपोर्ट असतो, कुणी जीवशास्त्र शिकत असते, कुणाला आपला गलगंड मुळात वाढलाच का हे समजून घ्यायचे असते. पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल. दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रोथ फॅक्टरची बंधक प्रथिने म्हणजे नक्की काय?

पेशींना वाढायला, विभागायला किंवा तग धरून राहायला सांगणाऱ्या प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. त्यांतले काही रक्तात मोकळे फिरत नाहीत, दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला घट्ट चिकटलेले असतात. ते दुसरे प्रथिन म्हणजे बंधक प्रथिन.

थायरॉइडसाठी यातले सर्वांत महत्त्वाचे कुटुंब इन्सुलिनसारख्या ग्रोथ फॅक्टरचे, म्हणजे आयजीएफचे. आयजीएफ-१ मध्ये ७० आणि आयजीएफ-२ मध्ये ६७ अमिनो आम्ले असतात आणि दोघांची घडण इन्सुलिनशी बरीच जुळते. त्यांना बांधणारी मुख्य प्रथिने सहा आहेत, आयजीएफबीपी-१ ते आयजीएफबीपी-६. ही प्रथिने आयजीएफला पेशीवरच्या ग्राहीइतक्याच (ग्राही म्हणजे निरोप स्वीकारणारे प्रथिन), कित्येकदा त्याहून जास्त ताकदीने धरतात. पुढचे जवळजवळ सगळे यातूनच निघते. आयजीएफ बंधकाच्या ताब्यात असेल, तर शेजारी पेशी असूनही तिच्यापर्यंत निरोप जात नाही.

२. रिपोर्टमध्ये येणारे टीबीजी म्हणजे हेच का?

नाही. टीबीजी, म्हणजे थायरॉक्सिन बाइंडिंग ग्लोब्युलिन, थायरॉइडने तयार केलेले संप्रेरक रक्तातून वाहून नेते. इथे ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत ती प्रथिने थायरॉइडवर काम करणाऱ्या ग्रोथ फॅक्टरना धरतात. टीबीजी बदलले की एकूण टी-४ चा, म्हणजे थायरॉक्सिनचा, आकडा बदलतो, पण ग्रंथीच्या वाढीशी त्याचा थेट संबंध नाही. साम्य इतकेच, की दोन्हीकडे मोकळा अंश अगदी थोडा असतो आणि परिणाम तोच घडवतो.

३. थायरॉइड वाढवणे हे टीएसएचचे काम. मग आयजीएफ कशाला लागतो?

टीएसएच, म्हणजे पिट्युटरी ग्रंथीतून येणारे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, हाच थायरॉइडचा मुख्य नियंत्रक आहे, यात शंका नाही. पण तो एकट्याने सगळे करू शकत नाही.

टीएसएच पेशीत मुख्यतः सायक्लिक एएमपी या छोट्या निरोप्या रेणूच्या मार्गाने काम करतो, तर आयजीएफ-१ पीआय-३ कायनेज आणि मॅप कायनेज या एन्झाइमांच्या मार्गांनी. दोन्ही निरोप एकत्र आले की पेशी जोमाने विभागते. कुत्र्याच्या थायरॉइड पेशींवरच्या प्रयोगांत असे दिसले, की विभाजन सुरू करण्याचा इशारा टीएसएच देतो, पण त्यासाठी लागणारे पेशीचे आकारमान कमावून द्यायला आयजीएफ-१ किंवा इन्सुलिन हवे. माणसाच्या पेशींचे वागणेही साधारण असेच आहे. उंदराच्या एफआरटीएल-५ या प्रसिद्ध पेशीवंशात मात्र आयजीएफ-१ एकट्यानेही वाढ घडवतो. त्यामुळे एका प्राण्यातला निष्कर्ष जसाच्या तसा दुसऱ्याला लावता येत नाही.

सर्वांत बोलका पुरावा जनुकबदल केलेल्या उंदरांचा आहे. थायरॉइड पेशींतला आयजीएफ-१ चा ग्राही काढून टाकलेल्या उंदरांना गलगंड आणणारे औषध दिले, टीएसएच वाढला, तरी ग्रंथी सुजली नाही. याउलट, ज्यांच्या थायरॉइडमध्ये आयजीएफ-१ आणि त्याचा ग्राही जास्त तयार होईल असे केले, त्या उंदरांची ग्रंथी मोठी झाली आणि नेहमीपेक्षा कमी टीएसएचवर तिचे काम भागू लागले.

४. रक्तात इतका आयजीएफ-१ असतो, तर थायरॉइड वाढतच का जात नाही?

कारण त्यातला मोकळा भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. बहुतेक आयजीएफ तीन घटकांच्या संकुलात अडकलेला असतो. स्वतः आयजीएफ, आयजीएफबीपी-३ (काही वेळा आयजीएफबीपी-५) आणि यकृतात तयार होणारे आम्लाने निष्प्रभ होणारे एक उपप्रथिन, ज्याला एएलएस म्हणतात, असे हे तिघे. संकुलाचे वजन सुमारे १५० किलोडाल्टन (हे रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) असते. एवढे मोठे काही रक्तवाहिनीच्या भिंतीतून सहज बाहेर पडत नाही.

बांधलेला आयजीएफ टिकतोही जास्त. मोकळ्या आयजीएफचे अर्धायुष्य काही मिनिटांचे असते, संकुलातल्याचे कित्येक तासांचे. त्यामुळे हा साठा बँकेतल्या मुदत ठेवीसारखा आहे. रक्कम मोठी दिसते, पण खिशात खर्चाला असतात ते पैसे वेगळे. रिपोर्टमधला एकूण आयजीएफ-१ ही ठेव झाली. थायरॉइडच्या पेशीला काय मिळते हे त्यावरून सांगता येत नाही.

५. थायरॉइड स्वतः बंधक प्रथिने बनवते का?

हो, आणि या विषयाचा गाभा माझ्या मते हाच आहे. बरेच लेख रक्तातल्या पातळीवरच थांबतात. खरा हिशेब मात्र ग्रंथीच्या आत, पेशींभोवतीच्या अगदी थोड्या जागेत चालतो.

थायरॉइडमध्ये आयजीएफ रक्तातून येतो, तसा ग्रंथीतही तयार होतो. आणि थायरॉइडच्या पेशी एकाहून अधिक प्रकारची आयजीएफ बंधक प्रथिने स्वतः बाहेर सोडतात. मेंढीच्या थायरॉइड पेशींवरच्या प्रयोगांत यामागची शिस्त स्पष्ट दिसली. टीएसएच दिला, किंवा सायक्लिक एएमपी वाढवले, की बंधक प्रथिने कमी होतात. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर किंवा फॉर्बोल एस्टर (पेशीतले निरोप चेतवणारे, प्रयोगात वापरले जाणारे रसायन) दिले, की ती वाढतात.

आता याची संगती लावून पाहू. टीएसएच पेशीला थायरॉइडचे खास काम करायला लावतो, म्हणजे आयोडीन ओढणे, थायरोग्लोब्युलिन (ज्यापासून संप्रेरक बनते ते प्रथिन) बनवणे, संप्रेरक तयार करणे. त्याच वेळी तो बंधक प्रथिने घटवून आजूबाजूचा आयजीएफ मोकळा होऊ देतो. म्हणजे टीएसएच दोन बाजूंनी काम साधतो, स्वतःचा निरोप देतो आणि आयजीएफच्या निरोपाची वाटही मोकळी करतो. टीएसएच आणि आयजीएफ यांचा एकत्र परिणाम दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा का असतो, याचे एक कारण इथे सापडते. उलट, एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरसारखे जे घटक पेशींची संख्या वाढवतात पण त्यांचे खास काम मंदावतात, ते बंधक प्रथिनेही वाढवतात. वाढ आणि काम वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात हे इथून दिसू लागते (प्रश्न ७).

६. मग बंधक प्रथिने म्हणजे नुसता ब्रेक का?

पुष्कळदा ती ब्रेकच असतात. पेशींच्या प्रयोगात आयजीएफबीपी-३ जास्त घातले की आयजीएफचा परिणाम मंदावतो. पण तिथेच थांबलो तर अर्धेच चित्र दिसते.

एक तर ही प्रथिने तुटतात. पीएपीपी-ए हे एन्झाइम आयजीएफबीपी-४ ला कापते, आणि आयजीएफबीपी-४ ला आयजीएफ चिकटलेला असताना हे कापणे जास्त सहज होते. कापले गेले की पकड सुटते आणि आयजीएफ नेमका तिथेच, पेशीच्या दाराशी मोकळा होतो. दुसरे, आयजीएफबीपी-५ पेशींबाहेरच्या जाळीला चिकटले की त्याची आयजीएफवरची पकड सैल पडते. तो साठा मग पेशीच्या अगदी जवळ राहतो आणि हळूहळू वापरला जातो. म्हणून एखादे बंधक प्रथिन एका परिस्थितीत आयजीएफला रोखते आणि दुसरीत त्याच आयजीएफचा परिणाम वाढवते.

आयजीएफशिवायची कामेही आहेत. आयजीएफबीपी-१ आणि -२ मध्ये तीन अमिनो आम्लांचा असा एक क्रम आहे, ज्याच्या साहाय्याने ती पेशीवरच्या इंटिग्रिन ग्राहींना चिकटू शकतात. आयजीएफबीपी-३ पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचते. ही कामे इतर ऊतींमध्ये जास्त तपासली गेली आहेत, म्हणून थायरॉइडबद्दल बोलताना त्यांवर फार भार टाकू नये.

७. ग्रंथी मोठी झाली म्हणजे संप्रेरकही जास्त होणार ना?

असे गृहीत धरू नका. आयोडीनच्या कमतरतेत ग्रंथी मोठी होते, पण संप्रेरक सामान्य किंवा कमी असू शकते. ग्रेव्हज आजारात, जिथे प्रतिकारशक्तीच ग्रंथीला चेतवते, दोन्ही वाढतात. हाशिमोटो आजारात, जिथे प्रतिकारशक्ती ग्रंथीवर हल्ला करते, सूज असतानाही काम घटत जाते.

पेशीच्या पातळीवर पाहिले तर आयजीएफ-१ दोन्ही गोष्टींना हातभार लावतो, विभाजनालाही आणि थायरॉइडच्या खास कामालाही. पण त्याचा किती भाग कुठे वळेल हे सोबतच्या निरोपांवर ठरते. टीएसएच सोबत असेल तर काम टिकून राहते. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरचा जोर असेल तर पेशी वाढतात, पण आयोडीन ओढण्याची क्षमता घटते. बंधक प्रथिनांची पातळी या दोन स्थितींत उलटसुलट असते, हे प्रश्न ५ मध्ये आले आहेच.

८. हायपोथायरॉइडिझममध्ये या प्रथिनांचे काय होते?

इथे बाण उलट फिरतो. आतापर्यंत बंधक प्रथिनांचा थायरॉइडवरचा परिणाम पाहिला, आता थायरॉइडचा त्यांच्यावरचा. थायरॉइड संप्रेरक कमी असले की रक्तातले आयजीएफ-१ आणि आयजीएफबीपी-३ दोन्ही घटतात. यकृतातली निर्मिती मंदावते आणि ग्रोथ हार्मोनचा स्रावही कमी पडतो. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाचे औषध) सुरू करून टीएसएच ताळ्यावर आला की दोन्ही पातळ्या वर येतात. लहान मुलांत उपचार न झालेल्या हायपोथायरॉइडिझमने उंची खुंटते, त्यामागे हेही एक कारण आहे.

९. आणि हायपरथायरॉइडिझममध्ये? सगळे उलटे का?

पूर्ण उलटे नाही. एकूण आयजीएफ-१ सामान्य किंवा थोडा वाढलेला दिसू शकतो. पण आयजीएफबीपी-१ वाढते आणि त्यामुळे आयजीएफची प्रत्यक्ष परिणाम करण्याची ताकद कमी भरते. आकडा चांगला आणि परिणाम कमी, असे हे कोडे फक्त आयजीएफ-१ मोजणाऱ्याला सुटत नाही.

१०. मुलाचे आयजीएफबीपी-३ कमी आले आहे. थायरॉइडचा आजार असेल का?

असू शकतो, पण फक्त या रिपोर्टवरून तसे म्हणता येत नाही. लहान मुलांत आयजीएफबीपी-३ मुख्यतः ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेचा अंदाज घेण्यासाठी तपासतात. ते कमी दिसण्याची कारणे अनेक आहेत: ग्रोथ हार्मोनची कमतरता, यकृताचा आजार, कुपोषण आणि हायपोथायरॉइडिझम. वय आणि वयात येण्याचा टप्पा यांनुसार सामान्य मर्यादाही बदलतात. सात वर्षांच्या मुलाचा आकडा चौदा वर्षांच्या मुलाच्या मर्यादेशी ताडून काळजीत पडलेले पालक मला वरचेवर लिहितात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी टीएसएच आणि फ्री टी-४ (म्हणजे मोकळे टी-४) पाहावे. थायरॉइड कमी असेल तर आधी तो सुधारावा आणि मगच ग्रोथ हार्मोनच्या तपासण्यांचा अर्थ लावावा. उपचार न केलेल्या हायपोथायरॉइडिझममध्ये त्या तपासण्या खोट्या कमतरतेचे चित्र दाखवू शकतात.

११. वजन आणि इन्सुलिनचा याच्याशी काय संबंध?

आयजीएफबीपी-१ हे इन्सुलिनच्या तालावर चालते. जेवणानंतर इन्सुलिन वाढले की यकृतातली त्याची निर्मिती दबते, उपाशी राहिले की वाढते. त्यामुळे दिवसभरात त्याची पातळी मोठ्या प्रमाणात वरखाली होते. आयजीएफबीपी-३ त्या मानाने स्थिर असते.

इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये, म्हणजे पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत तेव्हा, इन्सुलिन सतत चढे राहते आणि आयजीएफबीपी-१ दबलेले. त्यामुळे आयजीएफ थोडा जास्त मोकळा राहत असावा, आणि शिवाय खूप वाढलेले इन्सुलिन स्वतःही आयजीएफच्या ग्राहीला थोडेफार लागू होते. इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्यांत थायरॉइडचे आकारमान आणि गाठी जास्त आढळल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे, आणि त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण म्हणून ही साखळी मांडली जाते. साखळी पटण्यासारखी आहे. पण सोबत आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. गाठ दिसली म्हणून फक्त वजन कमी करत बसू नका. गाठीची सोनोग्राफी करावी, आणि पुढची तपासणी तिच्या आकारावरून आणि स्वरूपावरून ठरवावी लागते.

१२. ॲक्रोमेगाली असलेल्यांत गलगंड जास्त का दिसतो?

ॲक्रोमेगालीत पिट्युटरीच्या गाठीमुळे ग्रोथ हार्मोन अतोनात वाढते आणि त्यामुळे आयजीएफ-१ ही. आयजीएफबीपी-३ सुद्धा वाढते, पण आयजीएफचा एकूण भार इतका मोठा असतो की ते पुरे पडत नाही. थायरॉइड वाढते, गाठी होतात, आणि टीएसएच वाढलेला नसतानाही हे घडते. आजार आटोक्यात आला की ग्रंथीचे आकारमान बऱ्याच जणांत कमी होते. अशा रुग्णांत थायरॉइडची तपासणी आठवणीने करून घ्यावी.

याच्या दुसऱ्या टोकाचे एक निरीक्षण फार विचार करायला लावते. आफ्रिकेतल्या इतुरी जंगलात, त्या काळच्या झाईरमध्ये (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक), एफे पिग्मी लोकांमध्ये त्याच भागात राहणाऱ्या लेसे गावकऱ्यांपेक्षा गलगंडाचे प्रमाण खूप कमी असल्याचे १९८९ साली प्रसिद्ध झाले. पिग्मी लोकांत आयजीएफ-१ चा परिणाम कमी असतो हे आधीपासून माहीत होते, त्यामुळे टीएसएचला आयजीएफची साथ न मिळाल्याने ग्रंथी वाढत नसावी, असे एक स्पष्टीकरण पुढे आले. आहार आणि राहणीतला फरक हेही कारण असू शकते. तरी प्रश्न ३ मधल्या उंदरांच्या शेजारी हे निरीक्षण ठेवले की ते जास्त अर्थपूर्ण वाटते.

१३. गरोदरपणात काही बदलते का?

बरेच. गर्भाशयाच्या अस्तरातून आयजीएफबीपी-१ मोठ्या प्रमाणात येते, आणि आईच्या रक्तात आयजीएफबीपी-३ ला कापणारी एन्झाइमे सक्रिय होतात. म्हणून या काळातले आयजीएफबीपीचे आकडे नेहमीच्या मर्यादांशी ताडू नयेत. थायरॉइडसाठी गरोदरपणात टीएसएच वेळच्या वेळी तपासणे हेच महत्त्वाचे.

१४. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये बंधक प्रथिने चांगली की वाईट?

एका शब्दात उत्तर देणारे कुणी भेटले तर जरा थांबा. आयजीएफबीपी-३ चे जनुक पी-५३ या ट्यूमर रोखणाऱ्या प्रथिनामुळे चालू होते, आणि अनेक पेशींत ते वाढ थांबवून पेशीमृत्यूला मदत करते. त्यावरून ते रक्षक वाटते. तरीही काही ट्यूमरमध्ये तेच जास्त आढळते.

आयजीएफबीपी-७ हे वेगळे प्रकरण आहे. ते आयजीएफला फार घट्ट धरत नाही, म्हणून पहिल्या सहांत मोजले जात नाही. थायरॉइडच्या कॅन्सर पेशींत त्याची निर्मिती दबलेली आढळली आहे आणि पेशींत ते परत आणल्यावर त्यांची वाढ मंदावल्याचे दिसले आहे. संशोधनासाठी हे महत्त्वाचे आहे. पण कॅन्सरचे निदान सोनोग्राफी, सुईने पेशी काढून केलेली तपासणी आणि ऊतीची तपासणी यांवरच होते, बंधक प्रथिनांच्या रक्ततपासणीवर नाही.

१५. डोळ्यांच्या थायरॉइड आजारावरचे नवे औषध बंधक प्रथिनांवर काम करते का?

नाही. टेप्रोटुमुमॅब हे औषध थेट आयजीएफ-१ च्या ग्राहीलाच अडवते. अमेरिकेत त्याला जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली. डोळ्यामागच्या पेशींत टीएसएचचा ग्राही आणि आयजीएफ-१ चा ग्राही एकमेकांच्या साथीने काम करतात, या समजुतीवर ते उभे आहे. ग्राहीच बंद केला की आयजीएफ बांधलेला आहे की मोकळा, हा प्रश्न मागे पडतो. रक्तातली साखर वाढणे आणि ऐकू कमी येणे हे त्याचे लक्षात ठेवण्याजोगे दुष्परिणाम आहेत. आयजीएफचा निरोप शरीरात आणखी किती ठिकाणी लागतो, याचीही त्यातून कल्पना येते.

१६. प्रयोगात आयजीएफचा आणि बंधक प्रथिनांचा परिणाम वेगळा कसा काढतात? (विद्यार्थ्यांचा आवडता प्रश्न)

एक सुंदर युक्ती आहे. आयजीएफ-१ च्या सुरुवातीची तीन अमिनो आम्ले काढली की तयार होणारा रेणू ग्राहीला नीट बसतो, पण बंधक प्रथिने त्याला फारसे धरू शकत नाहीत. तो आणि मूळ आयजीएफ-१ सारख्याच पेशींना देऊन पाहायचा. पहिल्याचा परिणाम जास्त आला, तर तिथे बंधक प्रथिने आयजीएफला रोखत होती असे समजते. इन्सुलिनचा वापरही असाच होतो, कारण ही प्रथिने त्याला जवळजवळ धरत नाहीत. मात्र संवर्धन द्रवात इन्सुलिनची मात्रा फार मोठी ठेवली, तर ते आयजीएफच्याच ग्राहीवर काम करू लागते, हे वाचताना लक्षात असू द्या. जुन्या थायरॉइड प्रयोगांतले पुष्कळ इन्सुलिन प्रत्यक्षात आयजीएफची जागा भरून काढत होते.

१७. थायरॉइडसाठी ही तपासणी करून घ्यावी का? आयजीएफ वाढवणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यात का?

दोन्हींना नाही. थायरॉइडचे निदान आणि औषधाची मात्रा टीएसएच, फ्री टी-४ आणि गरजेनुसार अँटिबॉडीज यांवर ठरते. आयजीएफबीपी तपासून त्यात भर पडत नाही. ग्रंथीच्या आत काय चालले आहे ते रक्ताच्या नमुन्यात उमटत नाही (प्रश्न ४ आणि ५).

आयजीएफ हे प्रथिन आहे. तोंडाने घेतले की पोटात ते इतर प्रथिनांसारखेच पचते. औषध म्हणून वापरला जाणारा आयजीएफ-१ इंजेक्शनने दिला जातो, तोही तीव्र आयजीएफ कमतरतेच्या मोजक्या मुलांना, आणि त्याआधी थायरॉइडची कमतरता दुरुस्त करावी लागते.

१८. मुलीला ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने सुरू केली. आयजीएफ-१ आणि आयजीएफबीपी-३ वाढले, पण फ्री टी-४ कमी झाले. थायरॉइड बिघडले का?

बहुतेक वेळा थायरॉइड ग्रंथी बिघडलेली नसते. ग्रोथ हार्मोनमुळे ग्रंथीबाहेर टी-४ चे टी-३ मध्ये (संप्रेरकाच्या जास्त प्रभावी रूपात) रूपांतर वाढते, त्यामुळे टी-४ थोडे उतरते. बहुतेक मुलांत हे तात्पुरते असते.

पण इथे एक अपवाद आहे, आणि तो सुटू नये. ज्या मुलांची पिट्युटरीच अशक्त आहे, त्यांत टीएसएचही अपुरा असू शकतो. ग्रोथ हार्मोन सुरू होईपर्यंत ती कमतरता झाकलेली राहते आणि उपचाराने उघडी पडते. अशा मुलीचा टीएसएच सामान्य दिसू शकतो, कारण तो वाढवण्याची ताकदच पिट्युटरीत नाही. म्हणून तिच्या बाबतीत फक्त टीएसएच पाहून ‘थायरॉइड ठीक आहे’ म्हणता येत नाही. फ्री टी-४ पुन्हा तपासावे, आणि ते खालीच राहिले तर लेव्होथायरॉक्सिन द्यायचे का हे तिच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टने ठरवावे. पण त्याआधी अॅड्रिनल ग्रंथीचे काम तपासलेले असणे गरजेचे आहे, कारण कॉर्टिसॉल (अॅड्रिनलचे संप्रेरक) कमी असताना थायरॉक्सिन सुरू केले तर मुलाची तब्येत अचानक ढासळू शकते.